बोटांनी रचलेला बंधारा

"मावशी, मागे व्हा. पाय भिजतील," मॅडम म्हणाल्या.

"भिजू देत. या हौदात पाय भिजवतच म्हातारी झाले मी," असं म्हणून धाकटी काठाला आणखी खेटून उभी राहिली.

पाण्यावर वाऱ्याची एवढीशीही सुरकुती पडू नये म्हणून शेडमधले सगळे पंखे बंद केले होते. बंदरांची लहान प्रतिकृती करून लाटांची चाचणी घेणाऱ्या संस्थेची, नाटकगृहाएवढी ती शेड, आणि तिच्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला हौद. हौदाच्या एका टोकाला पोलादी फळी होती. ती पुढेमागे सरकली की लाट उठायची. दुसऱ्या टोकाला अख्खं बंदर मांडलेलं होतं. किनारा, धक्का, शाळा, टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी पाण्याला चिकटून बसलेली खालची आळी. सुतारकाकांनी लाकडाची घरं कापली होती, अंगठ्याच्या पेराहून मोठं एकही नाही. आणि बंदराच्या तोंडाशी, समुद्र आणि आळी यांच्या मधोमध, धाकटीने रचलेला बंधारा.

खरं म्हणजे धाकटी म्हणावं असं आता तिच्यात काही उरलं नव्हतं. केस पिकले होते, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. पण थोरली बहीण धडधाकट असेपर्यंत धाकटीचं धाकटेपण कसं संपणार? थोरली राहायची खालच्या आळीत, म्हणजे खऱ्याखुऱ्या आळीत, ज्या घरात दोघी जन्मल्या त्याच घरात. दारात बसून ती मासेमारीची जाळी विणायची आणि विणता विणता आळीचा कारभार करायची. कुणी नेमलेली नव्हती, पण तिच्या शब्दाबाहेर तिथलं मांजरही जात नसे.

धाकटीचं काम ठोकळे लावण्याचं. समुद्रात बंधारा घालतात तेव्हा पोटात दगड भरतात आणि वरून सिमेंटचे चार पायांचे ठोकळे रचतात. त्यांचे पाय एकमेकांत अडकतात, लाट फटींत शिरते, तिथेच फुटते आणि दमून परत जाते. हौदातल्या बंधाऱ्यालाही तसेच ठोकळे लागत, फक्त लिंबाएवढे. एक ओळ पिवळी, एक लाल, एक निळी. लाट येऊन गेली की कुठल्या ओळीतला गडी कुठे पळाला ते रंगावरून कळायचं. ती नोकरीला लागली त्या काळी ठोकळे साच्यातून काढण्यापासून रंगवण्यापर्यंत सगळं हातानेच चालायचं. शेडच्या मागच्या अंगणात ते रंगीत ठोकळे उन्हात वाळत पडलेले असले की येणारे-जाणारे थबकून बघायचे. तेव्हाचे मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या बाईंच्या बोटांना डोळे आहेत." ते साहेब निवृत्त झाले, मग वारले, त्यांच्यामागून आणखी दोन साहेब येऊन गेले, पण ते वाक्य शेडमध्ये राहिलं. धाकटीने ते दागिन्यासारखं जपलं होतं.

या खेपेचं काम मात्र नेहमीचं नव्हतं. समुद्राच्या तळाशी भूकंप होऊन त्सुनामी उठली आणि ती या बंदरावर आली, तर नवा बंधारा टिकेल का, हे पाहायचं होतं. टिकला तर खालची आळी आहे तिथेच राहणार होती. नाही टिकला, तर तिथली सगळी घरं उठवून टेकडीवर न्यायची, असं वरून ठरून आलं होतं.

"माझं घर तुझ्या हातात आहे गं बाई," थोरलीने बजावलं होतं. "नीट लाव."

आणि धाकटीने नीट लावलं होतं. आयुष्यात लावलं नसेल इतकं नीट.

"सुरू," मॅडम म्हणाल्या.

फळी आधी मागे गेली. बंदरातलं पाणी आवाज न करता निघून जायला लागलं. धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या, मग तळाची वाळू. कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसा समुद्र गेला. आणि मग आला. नेहमीच्या लाटेला पुढचं तोंड असतं, मागे पाठ असते. ती येते, फुटते, संपते. हिला पाठच नव्हती. अख्खा समुद्र एक पायरी वर चढून चालत येत होता, आणि त्याला घाई नव्हती. धाकटीने हौदात हजारो लाटा पाहिल्या होत्या, पण हिला बघताना तिच्या अंगावर काटा आला. पाणी बंधाऱ्यावर टेकलं, फुगलं, फटीफटींतून सुसकारे टाकत वर चढलं. काही माथ्यावरून पलीकडे सांडलं. पण बंधारा जागचा हलला नाही. खालच्या आळीत पाणी शिरलं ते एखाद्याची बादली लवंडावी तेवढं.

शेडमध्ये टाळ्या वाजल्या. सुतारकाकांनी तर शिट्टी मारली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रयोग त्यांच्या हाताखाली चालायचा. वयाने धाकटीच्या मुलीसारख्या, संस्थेत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. हौद रिकामा झाल्यावर त्या बंधाऱ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि ओळीमागून ओळ पाहत गेल्या. पिवळी जागेवर. लाल जागेवर. निळी जागेवर.

"एकही हलला नाही, मावशी."

"मग चांगलंच की!"

"चार-दोन तरी हलायला हवे होते. तुम्ही लावता कसे, एकदा दाखवाल मला?"

धाकटी खुशीत खाली बसली. "हे बघा. एक पाय खाली, हा दुसरा या दोघांच्या काखेत. बसला नाही की जरासा फिरवायचा. बसला की बोटाला कळतं, कुलूप लागल्यासारखं."

मॅडमनी एक ठोकळा उपसून पाहिला. तो निघेना. त्यांनी जोर लावला तसे शेजारचे तीन त्याच्याबरोबर उचलले गेले, पण त्याला सोडेनात.

"मावशी, तुम्ही बंधारा बांधला नाहीत, तुम्ही तो विणलात," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं म्हणताय की वाईट?"

"उद्या माझ्याबरोबर चला. सांगून कळण्यासारखं नाही ते."

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. "अगं, आळीभर सांगून आले. म्हटलं, माझ्या बहिणीच्या भिंतीवर समुद्राने डोकं आपटून घेतलं!"

"अक्का, अजून काही ठरलेलं नाही."

"ठरलं नाही काय? भिंत उभी आहे ना? मग! त्या शिकलेल्यांच्यात राहून तुलाही फाटे फोडायची सवय लागलीय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी धाकटीला जीपमध्ये घालून पलीकडच्या बंदरात नेलं. तिथे जुन्या बंधाऱ्याची डागडुजी चालली होती. धाकटीने जन्मभर ठोकळे लावले, पण खरा ठोकळा तिने कधी पाहिला नव्हता. ठोकळे लावणाऱ्यांना बंधाऱ्यावर नेण्याची पद्धतच नव्हती. नकाशे यायचे, हौदात बंदर उभं राहायचं, मोडायचं, नवं यायचं. ज्या समुद्रासाठी हे सगळं, तो शेडच्या बाहेर कुठेतरी असायचा.

जीपमधून उतरून ती वळली आणि जागीच खिळली.

मैदानभर ते उभे होते. तेच चार पाय, तीच गोल टोकं, तोच खांद्यापाशी येणारा बाक, जो तिच्या बोटांना झोपेतही ओळखू आला असता. पण एकेक ठोकळा थोरलीच्या घराहून उंच. त्यांच्या सावलीत माणसं डबे उघडून जेवायला बसली होती. धाकटी एकाच्या पायापाशी गेली. तिने तळहात त्याच्यावर टेकवला. सिमेंट उन्हाने तापलं होतं, एखाद्या मोठ्या जनावराच्या अंगासारखं. मान मागे टाकून ती वर बघत राहिली. इतकी वर्षं जे मुठीत धरलं ते हे होतं. तिला एकदम स्वतःच्या मुठीचीच भीती वाटली.

"मावशी, तुम्हीपण हेच लावता म्हणे?" क्रेनवाला केबिनमधून मान बाहेर काढून ओरडला. त्या लांब मानेपायी सगळे त्याला बगळा म्हणत.

"मी लावते ते खिशात मावतात!"

"मग करायची का अदलाबदल? मी बसतो तुमच्या शेडच्या सावलीत, या तुम्ही वर!"

आजूबाजूचे हसले. मग क्रेन कण्हली. जाड दोराला लटकलेला ठोकळा उचलला गेला, समुद्रावर जाऊन झुलला आणि सावकाश पाण्यात उतरला. पाण्याने त्याला गिळलं. वर फक्त दोर राहिला, इकडून तिकडे हेलकावणारा.

"खाली दिसतं का रे तुला?" धाकटीने विचारलं.

"दिसतंय कुठलं! पाणी गढूळ, वर लाटा, दोराला झोका. टेकला की दोर सैल पडतो. सैल पडला की आकडा सोडायचा. कसा बसला ते समुद्रालाच ठाऊक."

"नीट बसला नाही तर फिरवून नाही बघत?"

बगळा पोट धरून हसला. "फिरवून? मावशी, ठोकळा आहे तो, कानातलं नाही!"

धाकटी हसली नाही. तिने कुलपासारखे लावलेले ते पिवळे, लाल, निळे ठोकळे तिच्या डोळ्यांपुढे आले. असं कुलूप या पाण्याखाली लावणारी बोटं जगात कुणालाच नव्हती. तिने जी भिंत उभी केली होती ती समुद्रात कधीच उभी राहणार नव्हती.

परतताना जीपमध्ये ती आपली बोटं निरखत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी आजवर लावलेले सगळेच खोटे?"

"नाही, मावशी. मी जुनी कामं काढून पाहिली. तुमचे ते पहिले मोठे साहेब दर बंधाऱ्याला हिशोबापेक्षा जास्त रुंदी देऊन ठेवायचे, काही कारण न लिहिता. त्यांना ठाऊक असणार." मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला कसं सांगायचं ते त्यांना सुचलं नसेल."

बोटांना डोळे आहेत, असं म्हणताना साहेबांचा चेहरा कसा असायचा ते धाकटी आठवून पाहत होती.

"पुढच्या वेळी दुसरं कुणी लावेल," मॅडम म्हणाल्या. "तुमची बहीण तिथे राहते, मला माहीत आहे."

"नको. मीच लावते. दुसऱ्याच्या हातून भिंत पडली तर मी मरेपर्यंत त्याच्या नावाने बोटं मोडीन."

मग हौद भरला. खालचं दिसू नये म्हणून पाण्यात गडद निळा रंग कालवला. हौदावर आडवी फळी टाकून धाकटी तिच्यावर बसली, हातात काठी, काठीला दोरी, दोरीला आकडा. ठोकळा अडकवायचा, पाण्यात सोडायचा, दोरी सैल पडली की आकडा काढायचा. फिरवायचं नाही. चाचपायचं नाही. पुन्हा उचलायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण जन्मभर ज्या हाताने वाकडं सरळ केलं, त्याला वाकडं तसंच सोडून दे म्हणून सांगणं म्हणजे लेकराला रडत ठेवून पुढे जाण्यासारखं होतं. दर ठोकळ्याला तिची बोटं वळवळत. बरोबर आळीच्या समोर एक ठोकळा टेकला तेव्हा दोरीवरूनच तिला कळलं, हा पालथा पडलाय, एका पायावर तोललाय. मॅडम पाठमोऱ्या होत्या. पाणी काळंभोर होतं. हात कोपरापर्यंत आत घातला असता तर कुणाला दिसलंही नसतं. तिने बाही वर सारली. हात पाण्याला टेकला. गार पाणी बोटांना लागलं तशी तिला त्या हेलकावणाऱ्या दोराची आठवण झाली. तिने हात काढून घेतला, अंगावरच्या कपड्याला पुसला आणि पुढचा ठोकळा आकड्याला अडकवला.

या वेळीही समुद्र तसाच गेला आणि तसाच आला. बंधाऱ्यावर टेकला, फुगला. क्षणभर वाटलं, धरलं! मग आळीसमोरचा एक लाल ठोकळा सुटला, अगदी सावकाश, झोपेत कूस बदलल्यासारखा. त्याच्यामागून दोन पिवळे. मग त्या जागी भोक राहिलं नाही, नदीच झाली. पाणी आत शिरलं ते धावत नाही, तर भरत शिरलं. पहिली रांग, दुसरी, वळणावरचं थोरलीचं घर. लाकडाचं ते घर आधी नुसतं ओलं झालं, मग उचललं गेलं आणि इतर घरांबरोबर टेकडीच्या दिशेने तरंगत निघालं. शेडमध्ये पाण्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. धाकटीला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी वाटलं ते वाईट नव्हतंच. आपण किती लहान आहोत हे इतक्या स्वच्छपणे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. रडू आलं ते नंतर, चहाच्या टपरीपाशी.

असा प्रयोग एकदा करून भागत नाही. तिसऱ्या खेपेची मांडणी झाली त्या दुपारी थोरली शेडच्या दारात येऊन उभी राहिली. जाळ्याची सुई तशीच हातात.

"घर बुडवायला सख्खी बहीणच मिळाली का गं समुद्राला?"

"अक्का, आधी बस."

"बसायला नाही आले. पहिल्यांदा उभी राहिलेली भिंत दुसऱ्यांदा पडतेच कशी? पाडलीस तू!"

"हो. क्रेन लावते तशी लावली. म्हणून पडली."

"वर तोंड करून सांगतेय बघा!" थोरली मॅडमकडे वळली. "बाई, तुम्ही कालच्या पोरी. आमच्या लहानपणी आला होता समुद्र आळीत. गुडघाभर. हिला खांद्यावर घेऊन दारात उभी होते मी. आला तसा गेला. मला समुद्र शिकवू नका."

"नाही शिकवत, अक्का," मॅडम म्हणाल्या. "फक्त बघा. इथे उभ्या राहा."

थोरली कंबरेवर हात ठेवून काठाशी उभी राहिली. आधी तिने घरं ओळखली. "हा शिंपी. ही चहावाली. हे मास्तरांचं. आणि ही मी." सुतारकाकांच्या कामावर ती मनातून खूश झाली, ते लपेना. मग फळी मागे गेली आणि बंदराचा तळ उघडा पडला, तेव्हा तिच्या कंबरेवरचे हात खाली आले.

पाणी आळीत शिरलं. भरलं. थोरली वाट पाहत राहिली.

"परत का जात नाही ते?" तिने विचारलं.

"मागून अजून येतंय, अक्का," धाकटी म्हणाली.

बऱ्याच वेळाने पाणी ओसरलं. आळीच्या जागी ओली सपाट जमीन होती आणि घरं टेकडीच्या उतारावर वाहून आलेल्या लाकडांसारखी पडली होती. थोरलीने वाकून टेकडीवरच्या ओल्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथवर?"

"तिथवर."

"म्हणजे शाळेच्या वर." तिने ओलं बोट पुसलं. "आणि याहून मोठा बंधारा घातला तर?"

"घालणारच आहोत," मॅडम म्हणाल्या. "तो पाण्याला उशीर करेल, जोर कमी करेल. पळायला वेळ मिळेल तुम्हाला."

"माझ्या पायांत आता पळणं नाही हो," थोरली म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. पहिल्यांदाच नव्हतं.

धाकटी तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. फाटकापाशी थोरली थांबली.

"हात दाखव."

धाकटीने दोन्ही हात पुढे केले. थोरलीने बोटं उलटीपालटी करून पाहिली, बाजारात भाजी पाहावी तशी. "ठोकळे सोडताना थरथरले का?"

"थरथरले."

"बरं," थोरली म्हणाली आणि निघून गेली.

आळीत तिची टर उडाली. "काल म्हणत होतीस, मेले तरी उठणार नाही!" तर म्हणाली, "काल मी गुडघ्यापर्यंतच पाहिलं होतं." ज्यांचा विश्वास बसेना त्यांना तिने पाच-सहा जणांच्या टोळ्या करून शेडमध्ये धाडलं. मॅडमनीही कुणाला परत पाठवलं नाही. बडबडत आत गेलेली माणसं गप्प होऊन बाहेर येत. काही तरीही उठली नाहीत. त्यांचं मन वळायला वर्ष गेलं. थोरलीने कुणाची वाट पाहिली नाही. टेकडीवर जागा आखून मिळाल्या त्याच आठवड्यात तिने घराचं दार चौकटीसकट उतरवलं आणि हातगाडीवर घालून वर नेलं.

सुट्टीच्या दिवशी धाकटी टेकडी चढून गेली. वर भणाणता वारा होता. मोकळ्या माळावर पांढऱ्या फक्कीने घरांच्या रेघा ओढलेल्या, अजून कुणाचीच वीट आली नव्हती. आणि त्या रेघांमध्ये, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, थोरलीचं दार उभं होतं. बंद. दारामागे उघड्या आभाळाखाली थोरली मांडीवर जाळं घेऊन बसली होती. तिच्यामागे खाली समुद्र पसरलेला होता, डोळ्यांत मावणार नाही एवढा, आणि इतका शांत की जणू त्याला कशातलं काही माहीतच नव्हतं.

धाकटी दमली होती. ती सरळ फक्कीची रेघ ओलांडून आत पाऊल टाकणार, एवढ्यात थोरली ओरडली, "अगं, भिंतीतून काय येतेस? दार दिसत नाही?"

धाकटीने पाऊल मागे घेतलं. वळसा घालून ती दारापाशी गेली. तिने कडी वाजवली आणि थांबली.

आतून थोरलीने जाळं बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग गुडघ्यावर हात टेकून उठल्याचा. ती चालत आली. वाऱ्याने दार जरा अडलं. मग उघडलं.